उजवा पीळ

विणकामानंतरचा एकोणिसावा दिवस
हनाक राज्य, वरचा काठ

कोयूर अक्कास,

रीत म्हणून तुझी खुशाली विचारते. उत्तराची अपेक्षा नाही. इकडे मुली बऱ्या आहेत. पांढरी लामा व्यायली. गारांनी थोडे बटाटे गेले. पत्र मिठाच्या तांड्याबरोबर पाठवते आहे. पूल नाही, म्हणून नदीच्या खालच्या उतारावरून वळसा घालून तुझ्या काठाला पोचायला त्यांना पाच दिवस लागतील.

राजाने मला सोन्याची कर्णफुलं दिली. जड आहेत. काल त्याचा सरदार सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या भाल्यांना जमलं नाही ते या विधवेने गवताने केलं." लोक हसले. मीही हसले असेन. माझ्यावर गाणं झालं आहे. त्यात मी तुमच्या उराय राज्याच्या सैन्याला फसवून पुलावर बोलावते. ते गाणं तुझ्या कानावर आलं असणार, म्हणून लिहिते.

मी कुणाला बोलावलं नाही.

यंदा आमच्या काठावर पुलाचे गवती दोर वळायला पुरुष उरले नव्हते. आम्ही बायका बसलो. दरवर्षीप्रमाणे तीन दिवस युद्ध थांबलं, नदीही मुकी झाली, वाहत राहिली पण आवाज नाही. आम्ही डावा पीळ घालायचा, तुम्ही उजवा. मधोमध जोडले की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. हे लहान मूलही सांगेल. पण मला वळायला शिकवलं ते दाजींनी. मागच्या विणकामात, मक्याची चिचा पिऊन झिंगलेले असताना, गंमत म्हणून. "मेहुणीबाई, नुसत्या बघता काय? बसा इथे." मी त्यांचा हात बघून शिकले. यंदा आमच्या बायका माझा हात बघून शिकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी जोड करायला पुलाच्या मधोमध येऊन बसले. मी टोक त्यांच्या हातात दिलं. ते थांबले.

"हे कुणी वळलं?"

"मी. का, पसंत नाही?"

"माझाच पीळ चोरलास की गं."

तेव्हा मला कळलं, आमचाही पीळ उजवाच झाला होता. पूल बिघडवणाऱ्याला त्याच दरीत ढकलतात, हा नियम दोन्ही काठांना एकच. काठांवर दोन्हीकडचे म्हातारे कोकाची पानं चघळत बसले होते. दाजींनी मान खाली घातली आणि जोड आवळला. नेहमीच्या दुप्पट वेळ आवळत राहिले.

"तुझ्यासारखी काटकी आणि चार लामा, एवढ्याला निभेल," ते हळूच म्हणाले. "सुगीनंतर काहीतरी निमित्त काढून बदलू. आता हस जरा. म्हातारे बघतायत."

मी हसले. रीतीप्रमाणे पहिली चालत गेले, तुमच्या काठाला हात लावून परत आले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी उजाडलं तेव्हा तुमचं सैन्य काठावर उभं होतं. आमचं सैन्य दोन डोंगर पलीकडे. गावात आम्ही बायका, मुलं, म्हातारे. सैन्य न्यायचं तर जोड करणाऱ्याने पुढे चालायचं. म्हणून दाजी सगळ्यांत पुढे.

मी पुलाच्या टोकाशी उभी होते. एवढं गाण्यातही आहे. गाण्यात नाही ते सांगते. नदी अजून मुकी होती. मी हाक मारली असती तर दाजींना ऐकू गेली असती. त्यांच्या मागच्यांनाही गेली असती, आणि मग ते सावकाश, दोघे-दोघे करून आले असते. माझ्या पाठीशी गाव होतं. घरात मुली होत्या. मी हाक मारली नाही.

दाजी जोडाशी आले. पायाने दोर दाबून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळले आणि हात उंच करून म्हणाले, "या. सगळे या. पक्का आहे."

दोर तुटला नाही, अक्का. उलगडला. चारशे माणसं पडली आणि पाण्याचा आवाज झाला नाही.

ते असं का म्हणाले, मला माहीत नाही. माझ्यासाठी, गावासाठी, की त्यांना त्यांच्या आवळण्यावर खरंच भरवसा होता? एकोणीस दिवस मी तेच वाक्य ऐकते आहे. तू बावीस वर्षं त्यांच्या शेजारी जेवलीस. तुला कळेल. कळलं तरी मला सांगू नकोस. तिकडे कुणालाच सांगू नकोस. हे पत्र जाळ.

नदी अजून बोललेली नाही. मुली पाण्याला जातात आणि घाबरून रिकाम्या परत येतात. दरीत ढकलायच्या नियमाचं नाव कुणी काढत नाही; राजाने कर्णफुलं दिलेल्या बाईला कोण ढकलणार? दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं आहे, अमावास्येला पूल पुन्हा विणायचा. जोड करण्याचा मान दाजींच्या घराचा. म्हणजे आता तुझा.

परवा सरदार जवळ येऊन म्हणाला, "बाई, पुन्हा तोच पीळ घाला." मी मान हलवली. पण मी डावा पीळ घालणार आहे. रोज अंगणात बसून हाताला सवय लावते आहे. हात अजून उजवीकडे जातो. मी सोडते आणि पुन्हा वळते.

तू माझ्यावर विश्वास ठेवावास असं मी मागत नाही. टोक तुझ्या हातात आलं की पीळ बघ. मग तुझ्या मनाला येईल तसा जोड कर, घट्ट किंवा सैल. मी तपासणार नाही. कर्णफुलं घरी काढून ठेवीन, म्हणजे भार कमी होईल.

पहिली मीच चालेन.

तुझी धाकटी,
यारेता