खांबाला घातलेला स्वेटर

ता. ४

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

त्या सकाळी मी पाणी भरलं, दुधावरची साय काढली, डब्याचं झाकण बसेना म्हणून दोनदा दाबलं. यांना म्हटलं, स्वेटर घाला. हे म्हणाले, तुझा स्वेटर श्वास घेऊ देत नाही. तरी घातला. बसथांब्याच्या लोखंडी खांबाला टेकून हे रोज उभे राहायचे. त्या दिवशी तिथेच खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तुला हे माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. तो तपकिरी स्वेटर उसवून मी गेल्या वर्षी त्या खांबालाच विणून घातला. वाचनालयात भेटलेल्या आम्ही पाचजणी आहोत. कठड्यांना, बाकांना, झाडांना लोकरीचं विणून घालतो. शिंपीणबाई आमची म्होरकी. लोक हसतात, मग हळूच हात लावून बघतात.

काल खांबावर नगरपालिकेचा कागद लागला. पंधरा तारखेला खांब रंगवणार, त्याआधी विणकाम काढून न्या, नाहीतर खरवडून टाकू. काळजी नको. टोक सापडलं की भराभर उसवेल, लोकरीचा गुंडा घरी आणीन. यांचं अंगावरचं तेवढंच उरलंय.

पत्र टाक. माया आहे ती राहू दे.
तुझी ताई

ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी सुटले म्हणून खांबाला धरलंस होय! हसले, मग रडले. वर्षभर मला सांगितलं नाहीस, याचा राग आहेच.

पण ताई, ती लोकर ऊन-पावसात होती ना? आईने बाबांची कानटोपी उकळत्या पाण्यात टाकली होती, आठवतं? आक्रसून बाहुलीच्या मापाची झाली, आणि उसवायला गेलो तर टाके एकमेकांना सोडेनात. आधी एक टाका ओढून बघ. गुडघ्याने दावा साधलाय, नाहीतर मीच आले असते.

रागासकट लोभ घे.
तुझी धाकटी

ता. १६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं खरं ठरलं. चौदा तारखेला स्टूल घेऊन गेले. टाका ओढला, तो तुटला. दुसरा ओढला, तोही. शिंपीणबाईने शिवणीवरून कात्री घातली, म्हणाली, अख्खं सोलून घरी ने. तेही निघेना. सैल दिसू नये म्हणून मी दोन टाके कमी घेतले होते. इतकं घट्ट बसलं की आतला गंज लोकरीत शिरला. बोटांत नुसता तपकिरी भुगा आला. गंज कुठला, लोकर कुठली, कळेना.

कचेरीत गेले. कारकून भला माणूस. खुर्ची दिली, ऐकून घेतलं. म्हणाला, हा एक खांब सोडायचं माझ्या हातात असतं तर सोडला असता. त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

हे बरोबर म्हणायचे, मी घट्टच विणते.

गुडघ्याला शेक दे. आठवण काढत जा.
तुझी ताई

ता. क. काल काय केलं, ते राहिलंच. थांब्यावर गेले. रंगारी एकटाच होता, हातात खरवडणी, शिडी डगमगत होती. त्याचं काम होईपर्यंत मी शिडी धरून उभी राहिले.