ऐक्य समितीचे दोन अध्यक्ष आणि आठ दिवसांचं बाळ

ती. हन्नाताईस, धाकट्या शेगुलाचा शालोम आणि साष्टांग नमस्कार (गुडघे दुखतात म्हणून बसल्याजागीच घातला आहे, तरी पूर्ण धरावा). तुझी साखर आटोक्यात आहे ना? आणि भावजी अजून इस्रायलातल्या त्या दिमोनाच्या उन्हाला नावं ठेवतात का? त्यांना म्हणावं, यंदा सोलापूर पंचेचाळिसाला टेकलंय, तुमचं वाळवंट त्यापुढे बच्चा आहे.

तर ताई, मी आजी झाले! नथनेलला मुलगा झाला. सोलापुरात आपल्या लोकांत एकोणीस वर्षांनी पाळणा हलला. नथनेल म्हणाला, सुंता मुंबईच्या सिनेगॉगमध्ये करू, तिथे माणसं तरी मिळतील. मी म्हटलं, मुळीच नाही. आठव्या दिवशी, ह्याच घरात, आपल्या इथल्या दहा पुरुषांच्या प्रार्थनेत होईल, नाहीतर मी अन्नाला शिवणार नाही. (शिवले. पण हट्ट सोडला नाही.)

दहाला एक जरी कमी पडला तरी आपली सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि आता दहा पुरुष म्हणजे जिल्ह्यात मोजून दहाच. सांगोल्याचे डाळिंबवाले शालोममामा धरून, आमचा नथनेल धरून. पूर्वी हे दहा जण नुसती हाक मारली की यायचे, कारण तेव्हा समिती नव्हती. गेल्या वर्षी आपल्या हायमभाऊंच्या मनात आलं, की पुढच्या पिढ्यांसाठी समाज बळकट आणि एकजूट करायला हवा. झालं! ‘बेने इस्रायल ऐक्य समिती’ निघाली, लेटरहेड छापलं, आणि पहिल्याच बैठकीत मलिद्याच्या प्रसादाचे पोहे जाड घ्यायचे की पातळ, यावरून त्यांचे सख्खे साडू एझ्राभाऊ तणतणत उठून गेले. आठवड्यात त्यांचंही लेटरहेड आलं, ‘खरी ऐक्य समिती’. इकडे पाच, तिकडे पाच. म्हणजे ऐक्य सुरू झाल्यापासून आमची धड एक प्रार्थना झालेली नाही, कारण दोन्हीकडे माणसं निम्मी. दोघांचा पहिला ठराव मात्र शब्द न् शब्द सारखा, भावी पिढीची जपणूक. भावी पिढी तेव्हा सुनेच्या पोटात लाथा मारत होती.

मग मी काय केलं, हायमभाऊंना सांगितलं की एझ्राभाऊ येणार नाहीत, आणि एझ्राभाऊंना सांगितलं की हायमभाऊ येणार नाहीत. (खोटं बोलले. योम किप्पुरला माफी मागेन, यादी तशीही लांबलचक आहे.) दोघेही आपापली फौज घेऊन आनंदाने निघाले, मग दहा कसे भरणार हे एकालाही सुचलं नाही.

एलियाहू हन्नाबी सुंतेला येऊन बसतात म्हणून त्यांच्यासाठी एक सजवलेली खुर्ची रिकामी ठेवायची, हे तुला मी काय सांगू? ती मी शेजारच्या चांदसाबांच्या मंडपाच्या दुकानातून मागवली होती. पण त्यांचं सिंहासन अक्कलकोटच्या लग्नात गेलेलं, म्हणून त्यांनी पाठवला नवरानवरीचा लाल मखमली सोफा! मी त्यावर पांढरी चादर घातली, मोगऱ्याचा गजरा सोडला आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर येऊन बघते तर हायमभाऊ त्यावर विराजमान. त्यांना वाटलं, ही अध्यक्षांची सोय. तेवढ्यात एझ्राभाऊ आले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साडूंकडे, आणि उरलेल्या अर्ध्यावर दाणकन बसले. आता जो आधी उठेल त्याची समिती खोटी! सुंता करायला मुंबईहून आलेले मोहेल हात धुऊन ताटकळले. मी विनवण्या केल्या. शेवटी चांदसाब पुढे झाले.

“सुंता आमच्यात बी हाय की वो, पन खुर्चीवरनं असली कुस्ती कुटं न्हाय बघितली. उठा की, इलियास पैगंबरांची जागा हाय ती!”

दोघांनीही एकमेकांना हाताने खूण केली, आधी तुम्ही.

माझं डोकंच फिरलं. सुनेकडून बाळ घेतलं आणि उशीसकट आडवं ठेवलं दोघांच्या मांड्यांवर. डोकं हायमभाऊंकडे, पाय एझ्राभाऊंकडे. आता उठता येईना की ओरडता येईना, बाळ झोपलेलं ना! मोहेल म्हणाले, तीस वर्षांत असं पाहिलं नाही, पण आता हलू नका. नबींना आम्ही प्लास्टिकची खुर्ची दिली, त्यांनी ती गोड मानून घेतली असावी. दहाही पुरुष एका सुरात म्हणू लागले (सूर दोन होते, पण असू दे). बाळ रडलं, आणि ताई, दोन्ही अध्यक्ष त्याच्याहून मोठ्याने रडले. नाव आपल्या बाबांचं ठेवलं, रहमिम.

मलिदा मी दोन्ही पोह्यांचा केला होता, मी काय दुधखुळी आहे? खाऊन झाल्यावर दोन्ही समित्या जागच्या जागी एक झाल्या. अध्यक्ष कोण, यावर पुन्हा आवाज चढले, तेव्हा शालोममामांनी रहमिमचं नाव सुचवलं. वय आठ दिवस, निवड बिनविरोध. मला इतकं हसू आलं की गुडघे विसरून मी उभी राहिले.

भावजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
शेगुला

ता. क. खजूर पाठवू नकोस, इथे मिळतात. पाठवलेसच तर मऊ पाठव.

ता. क. दुसरा. अध्यक्ष पुढच्या महिन्यात सोलापूर सोडणार आहेत. नथनेलला बीरशेबाला नोकरी लागली आहे, बिऱ्हाड तुमच्या दिमोनातच करताहेत. माझा हट्ट होता तो याचसाठी. समितीला अजून सांगायचा धीर झालेला नाही. इथे नऊच उरतील.

ता. क. तिसरा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. रहमिमशी तू मराठीत बोलत जा. लाड सगळे हिब्रूत करतील, तू मराठीत रागव. उद्या मी फोनवर चार शब्द बोलले आणि त्याने आईला विचारलं, ही म्हातारी काय म्हणतेय, तर मला ते सोसायचं नाही गं.