कामटीचं टोक

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कामटीचं टोक गेलं कुठे?

घरी येऊन मागच्या खिशातून कामटी काढली तेव्हा दिसलं. टोकाचा नखाएवढा तुकडा नाही. तुटलेली जागा पांढरी, ताजी. सकाळी टोक होतं. बसस्टॉपवर त्यानेच कान खाजवला होता, म्हणून पक्कं आठवतंय.

म्हणजे कामावर तुटलं. आणि कामावर आज ती एकाच मशीनमध्ये घातली होती — हेलिकॉप्टरच्या स्टार्टर-जनरेटरमध्ये. हे मशीन आधी बॅटरीवर फिरतं आणि इंजिन सुरू करून देतं. इंजिन सुरू झालं की मग इंजिन ह्याला फिरवतं आणि हे वीज बनवतं. मला हे कळलं त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. लहूमामा म्हणाला, "म्हणजे आधी ढकलता आणि मगे चढान बसता." तसंच.

त्याच्या फिरणाऱ्या भागात, आर्मेचरमध्ये, मी तारा बसवत होतो. खाचेत तार दाबायला आमच्याकडे नायलॉनचं अवजार देतात. ते निसटतं. बांबूची कामटी निसटत नाही. मामाच्या दुकानात मिक्सर, टेबलफॅन, चाळींचे पंप — जेवढ्या मोटारींत मी तारा भरल्या त्या ह्याच कामटीने. मामाने तापलेल्या तारेने तिच्यावर "लहू" असं डागून ठेवलंय. लालबागच्या आमच्या गल्लीत दुसऱ्याची वस्तू उचलणं हा खेळ आहे.

मला काम शिकवणाऱ्या शेफालीताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मनू, स्वतःची टाचणीसुद्धा आत आणायची नाही." प्रत्येक अवजाराचा आकार फोमच्या ट्रेमध्ये कापलेला आहे. संध्याकाळी ट्रे दाखवायचा. एक आकार रिकामा दिसला की सगळं थांबतं, अवजार सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. एकदा छोटा पाना एका सिनियरच्या एप्रनच्या खिशात निघाला, तोवर अवधूत सरांनी — ते आमचे मॅनेजर — टेस्टचं मशीनसुद्धा बंद ठेवलं होतं.

पण कामटीचा आकार ट्रेमध्ये नाही. ती तुटली काय नि हरवली काय, ट्रे भरलेलाच दिसतो.

"सगळं जागेवर?" ताईने विचारलं.

"सगळं जागेवर."

तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणजे खोटं नव्हतं. म्हणजे — कामटी खिशात होती, तेवढं खोटं होतंच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लवकर गेलो. टेबलाखाली शोधलं, ड्रॉवर काढून शोधलं. आमच्याकडे झाडूबरोबर चुंबक फिरवतात, पडलेला स्क्रू-वॉशर उचलायला. मी चुंबक घेऊन बराच वेळ फिरलो. मग डोक्यात आलं, बांबू कुठला चुंबकाला चिकटतो! हसू आलं. मग गेलं.

आर्मेचर वॉर्निशमध्ये बुडवलं. मीच बुडवलं. बारीक बुडबुडे येत होते, त्यातला प्रत्येक त्या तुकड्याखालून येतोय असं वाटत होतं. सांगणार होतो. ताई फोनवर होती. मग खिडकीतून मिलच्या चिमणीवर घार बसलेली दिसली. परळमध्ये हल्ली चिमण्याच एवढ्या कमी, घार तरी कुठे बसणार, असं काहीतरी मनात चाललं होतं. घार उडाली तोवर आर्मेचर भट्टीत गेलं होतं.

"सगळं जागेवर?"

"सगळं जागेवर."

आजचं पूर्ण खोटं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डबा खाताना ताई म्हणाली, "अवधूत सर काय म्हणाले माहितीये? ह्या पोराचा हात मशीनसारखा बसतो."

मी भात चिवडत होतो.

ती सांगत होती — बारावीचा राहिलेला पेपर आधी सोडव, मग डिप्लोमा, मग लायसन्सच्या परीक्षा, एकेक करून. तिने तसंच केलं. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली कॉम्प्युटरकडे गेल्या. हिला फिरणारी मशीनं आवडायची. कॉलेजात मुलं म्हणायची, शेफाली, तू पंखेवाली होणार. "विमानातला प्रत्येक दिवा, प्रत्येक काटा ह्यावर चालतो," ती म्हणाली, "आणि हे काम येणारी माणसं किती आहेत? बोटांवर मोजण्याइतकी. तू चिकटून राहिलास तर पाच-सहा वर्षांत तुझा स्वतःचा शिक्का असेल."

शिक्का म्हणजे तिचा तो पितळेचा, करंगळीएवढा, नंबरवाला. चेनला लावून गळ्यात ठेवते. मशीन तपासून कागदावर तो मारला की अर्थ एकच — हे मी बघितलंय, हे उडू दे.

मी आजवर कशाला चिकटलो? कुरिअर, गणपतीच्या कारखान्यात घासकाम, बँजो पार्टीत कीबोर्ड, कंदील विकणं. ताई घरचा मिक्सर घेऊन मामाच्या दुकानात आली नसती तर अजून तसाच भटकत असतो. माझा हात बघत उभी राहिली आणि मामाला म्हणाली, "ह्याला मी नेऊ का?" आत घेताना सरांनी विचारलं, बारावी नापास, कसं करायचं? ती म्हणाली, "जबाबदारी माझी."

आज आर्मेचर भट्टीतून बाहेर आलं. कडक, तपकिरी, चकचकीत. मी टॉर्च मारून बघितलं. तारांच्या मागे, जिथे मी कामटी घातली होती, तिथे काळोख आहे. काही असेल तर आता वॉर्निशमध्ये चिकटून बसलंय. पण किती दिवस बसेल? मशीन एका मिनिटात हजारो फेरे घेतं.

सांगितलं तर मला काढतील. ते ठीक आहे, मला काढलेलं सवयीचं आहे. पण ती?

घरी गेलो नाही. चालत माटुंग्याला गेलो. इडली खाल्ली, चव लागली नाही. एका दुकानात नुसते रेडिओ बघत उभा राहिलो. मालकाने विचारलं, काय हवंय? मी पुढे चालू लागलो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मशीन जोडलं. टेस्टला चढवलं. छान फिरलं. आवाज एकदम स्वच्छ. मी प्रत्येक सेकंदाला वाट बघत होतो की आता खडखडेल. खडखडलं नाही, त्याचा रागच आला.

ताईने कान लावून ऐकलं. हसली. गळ्यातला शिक्का काढून मारला.

मशीन सोमवारी दुपारी गिऱ्हाईक घेऊन जाणार. मंगळवारी हेलिकॉप्टरला लागणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अर्धा दिवस. मामाच्या दुकानात बसलो. समोर पिठाच्या गिरणीची मोटार उघडी पडली होती, म्हटलं हात चालवू. कामटी काढली.

मामाने चष्म्यावरून बघितलं. "टोक खंय गेला हेचा?"

"तुटलं."

"खंय?"

"कामावर."

"मेल्या, ही थंय न्हेतंस तू? तुका नको म्हणान सांगितल्यानी ना?"

"हम्म."

गिरणीवाला येऊन ओरडून गेला, लग्नाचं दळण अडलंय. तो गेल्यावर मामा म्हणाला, "मिक्सरात रवला तर चटणी थांबतली. तुझ्या त्या यंत्रात रवला तर काय थांबतला?"

मी मोटार भरली नाही. उठून आलो. मामाने हाक मारली, जेवायला ये म्हणून. कामटी परत मागितली नाही त्याने.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी उठून सरळ नायगावला ताईकडे जायचं ठरवलं होतं. नायगावच्या बसमध्ये बसायच्याऐवजी वरळीच्या बसमध्ये बसलो. मुद्दाम नाही. मुद्दामच.

कोळीवाड्यात निमेशकडे गेलो. बँजो पार्टीतला दोस्त, आता बापाच्या होडीवर जातो. धक्क्यावर बसून जाळं ठीक करत होता. मला बघून म्हणाला, "आला इंजिनिअर! पंखा आणलास का रिपेअर करून?" त्याच्या आईने बोंबील दिले तळून. उन्हात बसून खात होतो, बरं वाटत होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटात काही गेलं.

मग वरून हेलिकॉप्टर गेलं. समुद्राकडे, खूप आत, तेलाच्या फलाटांकडे.

निमेशने जाळं टाकून हात हलवला. जोरजोरात.

"कोणाला रे?"

"भाऊजी असेल त्यात. फलाटावर कुक आहे तो. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. दिसत नाही त्याला काही, पण माझी ताई सांगून गेलीय, येता-जाता हात कर म्हणून." मग मला कोपराने ढोसून, "तूच बनवतोस ना ती मशीनं? नीट बनव हां. भाऊजी पडला तर ताई मला जीव नकोसा करेल."

तो हसला. मीही हसलो. हातातला अर्धा बोंबील खाली ठेवून उठलो.

शेफालीताईला फोन केला. नायगावला पोलीस वसाहतीबाहेर, ग्राउंडच्या कठड्यावर बसलो. पोरं क्रिकेट खेळत होती, बॉल दोनदा आमच्याकडे आला, दोन्ही वेळा मी फेकला. तिसऱ्या वेळी ताईनेच फेकला आणि म्हणाली, "बोल आता."

सगळं सांगितलं. कामटी, टोक, खाच कुठली, रोजचं "सगळं जागेवर". सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. ती ओरडेल असं वाटत होतं. ओरडली नाही. गळ्यातली चेन बोटाला गुंडाळत, सोडत बसली.

मग म्हणाली, "मंगळवारी कळलं तुला?"

"हो."

"आणि मी शुक्रवारी शिक्का मारताना तू बाजूला उभा होतास."

"हो."

"हं."

एवढंच. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

नंतर तिने विचारलं, "ती कामटी कुठाय?"

मागच्या खिशात होती. मांडीला टोचत होती. मी म्हणालो, "घरी."

का म्हणालो कोण जाणे. मामाची आहे, ती फेकून देईल असं वाटलं. नाहीतर खोटं बोलायची आठवडाभरात सवयच लागली.

"उद्या लवकर येऊ नकोस," ती म्हणाली. "नेहमीच्या वेळेला ये. तोवर कोणाशी काही बोलायचं नाही. कळलं? कोणाशीच नाही."

मी मान हलवली. ती गेली. मागे वळून बघितलं नाही तिने.

बसमध्ये बसलो तेव्हा एकदम हलकं वाटलं. ती मिटवणार. कसंतरी मशीन थांबवेल, काहीतरी दुसरं कारण देईल, माझं नाव येणार नाही. परळपर्यंत मी शीळ घालत होतो. परळला लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

ती मिटवेल म्हणून मला आनंद झाला, तिच्या शिक्क्याचं काय होईल हे मनातही आलं नाही. असा माणूस आहे मी.

मामा टीव्ही बघत होता. ताटावर झाकण ठेवून दिलं होतं.

उद्या सरांकडे जाऊन मीच सांगणार. ती काहीही म्हणाली तरी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नेहमीच्या वेळेला गेलो. मशीन टेबलावर, उघडलेलं. ती आणि सर पहाटेच आले होते. सरांच्या टेबलावर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत कामटीचं टोक, वॉर्निश लागून तपकिरी झालेलं. त्याच्याशेजारी पितळेचा शिक्का, चेनसकट. ताई खिडकीशी उभी, पाठ आमच्याकडे.

सर म्हणाले, "बांबूची पट्टी शेफालीची होती म्हणते. तिनेच वापरली, तिनेच विसरून शिक्का मारला. तू नुसता हाताखाली होतास. बरोबर ना?"

ताईने वळून माझ्याकडे बघितलं. मान अगदी थोडी हलवली — हो म्हण.

मी मागच्या खिशातून कामटी काढली. शिक्क्याशेजारी ठेवली. मामाचं डागलेलं नाव वर येईल अशी ठेवली.