चौथा खिळा

सांगली, शनिवार, नोव्हेंबर १९९६

आज स्क्वॉशमध्ये क्लबातल्या त्या पोरसवदा मानेला हरवलं. पाचव्या गेमला जीव मेटाकुटीला आला, पण हरवलं. आणि क्लबच्या क्रमवारीत दर्जा घसरला तो माझा! क्लबचे सेक्रेटरी जोशी, गणिताचे निवृत्त मास्तर, थंडपणे म्हणाले, "वरच्यानं खालच्याला सरळ तीन गेममध्ये गुंडाळायचं असतं. तुम्ही पाचापर्यंत ताणलंत. म्हणून तुमचा दर्जा कमी, त्याचा जास्त." मग जिंकायचं तरी कशाला?

कोर्टाबाहेर खिळ्यांवर आमच्या नावांच्या लाकडी पाट्या असतात, दर्जाप्रमाणे. वरचे चौघे कोल्हापूरच्या सामन्याला जाणार. चौथा खिळा माझा होता. इतकी वर्षं माझाच. पाचवा मानेचा.

माने वाकून पाया पडला. "काका, लय शिकाय मिळालं बगा तुमच्याकडनं." काका म्हणे! अजून चाळिशी गाठायचीय मला.

जेवतानाही तो चौथा खिळाच डोळ्यांपुढे. क्लबात रिवाज असा की पाट्या जिंकणाऱ्यानंच हलवायच्या. तो त्याचा मान. त्यामुळं माझी पाटी मीच काढली, पाचव्या खिळ्यावर टांगली, आणि चौथ्यावर मानेची अडकवली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठीच. जिंकलो होतो ना मी.