काचेतला मेंढपाळ

मंगळवार, ९ डिसेंबर

काठी डाव्या हातात आहे.

चर्चची मोठी रंगीत खिडकी साफ होऊन आज परत बसली. तिच्यातल्या मेंढपाळ येशूच्या उजव्या हातातली काठी मी लहानपणापासून दर रविवारी पाहत आले. कामावर देखरेख माझी, आणि दुपारी मी न बघताच ‘ठीक’ म्हटलं. संध्याकाळी बाकावर बसल्यावर दिसलं. काच उलटी.

काच बसवणारे गणपत मिस्त्री सामान आवरत होते. विचारलं तर हसले.

“चुकून नाही ताई, मुद्दाम फिरवली. तुमचा देव आतल्याच लोकायले तोंड दाखवून राहिला. नाताळात लाइट लागले का रस्त्यावरच्यायलेही दिसाले पायजे न!”

चेहऱ्याचा रंग काचेच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू पावसात राहिली तर चेहरा हळूहळू जाईल. मी सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“काढतो. पण काचा जोडनाऱ्या शिशाच्या पट्ट्या लय जुन्या हायेत. पुन्हा वाकल्या तर काच फुटन. तुमी म्हणाल तसं.”

पावसाला सहा महिने आहेत, तोवर राहू द्यावी? हा विचार की पळवाट? ती काठी मात्र रोज दिसेल. उद्या काढू, मी म्हणाले.

“मंग एक डाव बाहेर या.”

आतले दिवे लावून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. चेहरा स्पष्ट दिसत होता. मी तो बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. भाजी घेऊन चाललेली एक बाई थांबली, पाहत राहिली. उद्या आम्ही तो आत वळवणार, हे तिला सांगायला हवं होतं का?