आसागीचा उलटा किमोनो

नेरिमा, तोक्यो
१७ ऑक्टोबर

प्रिय तोमोए,

उभी असशील तर आधी खाली बस. बसलीस? आपण दुसऱ्या आलो! अगं, मासिकातल्या अठरा चित्रकथांमध्ये दुसऱ्या! वाचकांची कार्डं मोजून झाली, काल दुपारी निकाल लागला, आणि आपले संपादक कुराहाशीसान फोन करायचा सोडून स्वतः धावत आले. चार जिने चढून! त्या माणसाला मी सहा वर्षांत कधी पळताना पाहिलं नव्हतं. दारात उभे राहून नुसतेच धापा टाकत होते आणि दोन बोटं दाखवत होते. मला वाटलं, कथा दोन भागांत गुंडाळायला सांगतायत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मग एकदाचे म्हणाले, "सेन्सेई, दुसरा नंबर!" आणि बूट न काढता थेट आत आले. कुराहाशीसान, आणि बूट न काढता! तू असतीस तर फडका घेऊन त्यांच्या मागे लागली असतीस. आणि हो, 'आपण' म्हणतेय. तुला राग आला तरी म्हणणार.

विश्वास बसत नाही ना? माझाही बसत नव्हता. जुलैत आपण सतराव्या होतो. प्रत्येक अंकात ते कार्ड असतं, आवडलेल्या तीन कथांवर खूण करून टपालात टाकायचं. आपल्या वाट्याला मोजून एकतीस कार्डं आली होती, आणि त्यातलं एक तुझ्या आईचं होतं हे मला अक्षरावरून कळलं होतं. कुराहाशीसान चहा अर्धा टाकून म्हणाले होते, "तीन भागांत संपवा." तू त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलीस आणि परत येऊन मला म्हणालीस, "तीन तर तीन. झकास काढू." मी मात्र दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडले होते. एवढा धीर तुझ्यात कुठून येतो ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आपल्या कथेतलं हे मढं जन्माला कुठे आलं, आठवतं? आपल्या तोकामाचीच्या शाळेत, अकरावीला, मागच्या बाकावर. बाहेर डोक्याएवढा बर्फ, बस बंद, आणि गणिताच्या तासाला तू माझ्या वहीत लिहिलंस, 'मेलेल्या पोराच्या प्रेमात पडलं तर उन्हाळ्यात काय करायचं गं? वास येईल ना!' मी इतक्या जोरात हसले की सरांनी मला थंडीत बाहेर उभं केलं. आज आख्ख्या देशात पोरी वाचतायत ती 'शेजारच्या बाकावरचं मढं' तिथून निघाली. नदीत बुडालेला शूगो तिसऱ्या दिवशी ओल्या बुटांनी वर्गात येतो, आपल्या जागेवर बसतो, हजेरीला 'हजर' म्हणतो, आणि शेजारची आसागी त्याच्या प्रेमात पडते, कारण आजवर तिच्याकडे इतकं टक लावून कोणी पाहिलेलंच नसतं. बिचाऱ्याला पापण्या मिटता येत नाहीत, हे तिला कुठे ठाऊक! उन्हाळ्यात ती त्याच्यासाठी डब्यातून बर्फ आणते, ती कल्पना तुझी. परीक्षेत त्याचा कान गळून पडतो आणि ती तो डिंकाने चिकटवते, तीही तुझीच. मुखपृष्ठावर मात्र नाव माझं एकटीचं. बारा वर्षं तू माझ्या टेबलाला टेबल लावून कपडे काढलेस, पूल काढलेस, झाडं काढलीस, आणि सगळे तुला मदतनीस म्हणत राहिले. मीसुद्धा.

आता हे आक्रित घडलं कसं ते ऐक. सगळं त्या ऑगस्टच्या भागामुळे, नदीवरच्या आतषबाजीच्या जत्रेच्या. आता तीनच भाग उरलेत म्हणून आपण जीव तोडून काढला होता. पुलावर आसागी आणि शूगो, दोन पानं मिळून एकच मोठं चित्र, आणि आसागीचा तो उन्हाळी किमोनो, निळ्यावर पांढरी फुलं. चार दिवस तू त्या फुलांवर वाकून बसली होतीस. अंक बाजारात आला आणि छापखान्यातून पहिला फोन आला, मग मासिकाच्या कचेरीत फोनवर फोन. जिवंत पोरीच्या अंगावर मढ्याचा किमोनो! उजवी बाजू वर! शाळकरी पोरालाही कळतं की डावी बाजू वर घ्यायची, उजवी फक्त मेलेल्याला नेसवताना. तुझी आई तर किमोनो नेसवायला शिकवणारी. आपल्याला भिंतीशी उभं करून पंख्याने हातावर मारायची आणि म्हणायची, "डावी वर! उजवी वर घ्यायची ती मेल्यावर, आणि तुम्ही दोघी अजून जिवंत दिसताय मला." त्या दिवशी स्टुडिओत जे झालं, त्याबद्दल जरा थांबून लिहिते. आधी आनंदाचं सगळं सांगून होऊ दे.

तर, तू गावी गेलीस त्याच्या पुढच्या सोमवारी पत्रांची पहिली पिशवी आली. मग दुसरी. अंक परत पाठवणारी रागावलेली पत्रं असतील म्हणून मी दोन दिवस उघडलीच नाहीत. उघडली आणि अगं बाई, मी जमिनीवर बसून ओरडायलाच लागले! वाचकांना वाटलं की ते मुद्दाम केलंय! आसागीसुद्धा मेलेली आहे! पहिल्या भागापासून मेलेली आहे, शूगोच्याही आधी, आणि तिला एकटीलाच ते माहीत नाही! आओमोरीच्या एका नववीतल्या मुलीने सहा पानं पुरावे लिहून पाठवले. म्हणे, आसागीची आई तिच्याशी एकदाही बोलत नाही. (मला आया काढता येत नाहीत, म्हणून!) म्हणे, ती डब्यातला घाससुद्धा खात नाही. (डब्यात बर्फ आहे, खाईल काय?) म्हणे, तिसऱ्या भागातल्या वर्गाच्या फोटोत ती नाही. (ती काढायची आपण चक्क विसरलो होतो, आणि तू म्हणाली होतीस, "जाऊ दे, कोण बघतंय!") बघतात गं, सगळं बघतात! क्युशूच्या एका सत्तरीच्या आजोबांनी लिहिलंय की बायको गेल्यावर पहिल्यांदा ते एखादी गोष्ट पुढे काय होईल म्हणून वाट पाहतायत. ते कार्ड मी टेबलासमोर चिकटवलंय. वाचलं की अजून डोळे भरून येतात.

मग काय, गुंडाळणं रद्द. नवीन वर्षाच्या अंकात पहिली आठ पानं रंगीत, मुखपृष्ठावर शूगो आणि आसागी. आणि गोष्ट काय फिरलीये, तोमोए! दोघंही मेलेली, प्रत्येकाला वाटतंय की दुसरा तेवढा मेलाय आणि आपण त्याला सांभाळतोय. ती त्याच्यासाठी बर्फ आणते आणि तो तिच्या पावलांचे ओले ठसे हळूच पुसतो, आपण मेलोय हे तिला कळू नये म्हणून. एकाला कळलं तर दुसऱ्याचं काय, हेच आता सगळ्यांना हवंय. मला रात्रंदिवस तेच सुचतंय, भाताचा घास तोंडात ठेवून मी थांबते आणि हसत सुटते. पहिल्या दिवशी तर तोंडातून निघूनच गेलं, "तोमो, हे ऐक!" आणि बघते तर तुझ्या खुर्चीवर कागदांचा गठ्ठा.

गेल्या आठवड्यात मासिकाने माझी मुलाखत घेतली. मुलाखत घेणाऱ्या मुलीने डोळे मोठ्ठे करून विचारलं, "किमोनोची कल्पना तुम्हाला कधीपासून सुचलेली होती?" शेजारी कुराहाशीसान मान डोलावत बसले होते. मी म्हणाले, पहिल्या भागापासून. इतक्या सहज म्हणाले की मलाच खरं वाटलं. बाहेर पडल्यावर कुराहाशीसाननी मला बाम माशाचं जेवण घातलं. चांगलं होतं, पण मी अर्धं तसंच टाकलं.

कारण तोवर मला कळलेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानाला दाराशी लावायला त्या पुलाचं मूळ चित्र हवं होतं, कागदावरचं. मी खालचा सपाट खण उघडला. चित्र उजेडात धरलं. डावी बाजू वर होती. अगदी बिनचूक, तुझ्या आईने शिकवलेली. केसातलं फूल डाव्या कानावर होतं, आणि छापलेल्या पानात ते उजव्या कानावर आहे. म्हणजे नुसता गळा नाही, आख्खी आसागीच उलटी झालीये, आरशात दिसावी तशी. आणि मग मला तो दिवस आठवला. पानं द्यायचा शेवटचा दिवस, भर दुपार, तुम्ही तिघी मदतनीस खाली सोबाच्या शेवया खायला गेला होतात. कुराहाशीसानचा फोन आला, "आसागी त्या पोराकडे पाठ करून उभी आहे, यात प्रेम कुठे आहे?" मी तीन दिवस झोपले नव्हते. पान संगणकावर घेतलं, तिला धरली, फिरवली, शूगोकडे तोंड केलं आणि पान पाठवून दिलं. तुम्ही वर आलात तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली होते. उठल्यावर ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. हे तुला खोटं वाटलं तरी चालेल, पण खरंच गेलं होतं.

आता तो दिवस, ज्याबद्दल मी थांबून लिहिते म्हणाले होते. कुराहाशीसान अंक आपटून म्हणाले, "हे कोणी केलं?" बाकीच्या दोघी खाली मान घालून बसल्या. आणि मी, चौथीपासून तुझ्या घरी जेवलेली मी, तुझ्याकडे बोट करून ओरडले, "किमोनोवालीची पोरगी म्हणवतेस आणि तुला डावं-उजवं कळत नाही? बारा वर्षं फुकट घालवली मी तुझ्यावर!" तू ते पान हातात घेतलंस. खूप वेळ पाहिलंस. मग तू खाली वाकून त्या सपाट खणाच्या मुठीवर हात ठेवलास. तोमोए, तेव्हा मला वाटलं होतं की तुझे पाय लटपटतायत म्हणून तू आधाराला धरलंस. आता कळतंय. तुला कळलं होतं. फूल उलट्या कानावर गेलेलं तुझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. खण उघडून ते चित्र टेबलावर ठेवलं असतंस तर संपादकांसमोर, मदतनिसांसमोर माझं तोंड काळं झालं असतं, आणि कथा त्याच दिवशी बंद पडली असती. तू मुठीवरचा हात काढलास, कुराहाशीसानपुढे कमरेत वाकलीस आणि म्हणालीस, "चूक माझी आहे." शुक्रवारपर्यंत काम केलंस, निबा धुऊन पुसून ठेवल्यास, आणि आईला तिच्या किमोनोच्या दुकानात हात हवाय असं सांगून गावी निघून गेलीस. मी तुला स्टेशनवर सोडायलाही आले नाही.

आज सकाळी ते मूळ चित्र मी कुराहाशीसानच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पालथं घातलं. मग म्हणाले, "सेन्सेई, हे खणातच राहू द्या. वाचकांचा हिरमोड होईल." मी म्हणाले, होऊ दे. मुलाखतीतलं ते वाक्य मी त्यांच्यासमोर कापायला लावलं. हे पत्र मी तुला आनंद सांगायला लिहायला घेतलं असं तुला वाटलं असेल. मलाही पहिल्या पानावर तसंच वाटत होतं. खरं म्हणजे एका वाक्यापर्यंत यायला मला इतका कागद लागला. तोमोए, मी चुकले, मला माफ कर. चार लोकांसमोर तुला बोलले, तेव्हा माफी अशी बंद पाकिटात मागून भागायचं नाही. पुस्तकरूपात निघणाऱ्या तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर मी ते सगळं काढलंय: संगणकावर आसागीला फिरवणारी मी, तुझ्याकडे बोट दाखवणारी मी, खणाच्या मुठीवरचा तुझा हात. शेवटच्या चौकटीत मी जमिनीला डोकं टेकवून बसले आहे आणि समोर तू आहेस. तुझा चेहरा मी सात वेळा काढला आणि सात वेळा खोडला. हसरी काढली तर मीच स्वतःला माफी देऊन टाकल्यासारखं होतं. म्हणून ती जागा कोरी ठेवून मूळ पान या पाकिटात घातलंय. तो चेहरा तू काढ. रागावलेला असला तर रागावलेला, पाठ फिरवलेली असलीस तर तशी. जो येईल तो छापायचा, असं मी छापखान्याला सांगितलंय, आणि मुखपृष्ठावर दोन नावं टाकायलाही.

तू हो म्हणशील तर अजूनही तुझीच,
चिगुसा