ऐंशी लाख की सव्वा कोटी?

३ जुलै

घरच्या पेपरात ऐंशी लाख. वाचनालयातल्या पेपरात सव्वा कोटी! आमचा श्रेयस तोच, गोव्याचा फुटबॉल क्लब सोडून कोलकात्याला चाललाय तोही तोच. बाबांनी दोन्ही कात्रणं फ्रिजवर चिकटवली. शेजारच्या वत्सलाबाई पेढे मागून गेल्या. "आता गंगापूर रोडला बंगला घ्या!" अहो, हे पैसे एक क्लब दुसऱ्याला देतो, खेळाडूच्या हातात नाही पडत – किती वेळा सांगायचं!

५ जुलै

आज एका वेबसाइटवर चाळीस लाख. आकडा उतरतोय का? श्रेयस मार्चमध्ये घरी आला तेव्हा जिना उतरताना कठडा धरत होता. मी विचारलं तर, "काही नाही गं, ताई."

६ जुलै

फोन उचलत नाही.

८ जुलै

अखेर फोन आला. रडला! गोव्याच्या क्लबने त्याला फुकट सोडलंय – गुडघ्यामुळे. शुक्रवारी कोलकात्यात डॉक्टर तपासणार, पास झाला तरच करार. "बाबांना सांगू नकोस. ते पेपर वाचून खूश आहेत ना?"

हो म्हटलं. पण मग हे आकडे देतंय कोण?

९ जुलै

बाबा पूजेला बसले होते, म्हणून त्यांचा फोन मी घेतला. कुणी पत्रकार. "काकांनी आम्हाला ऐंशी सांगितले, दुसऱ्यांना सव्वा कोटी. नक्की काय छापू?"

"नंतर कळवते," म्हणून मी फोन ठेवला. बाबा!

विचारलं तर आधी चिडले. मग हळूच म्हणाले, श्रेयसला फुकट सोडल्याचं गोव्याच्या मॅनेजरने जूनमध्येच कळवलं होतं. "नाशिकचे पेपर तो रोज मोबाइलवर वाचतो. त्यात स्वतःच्या नावापुढे फुकट वाचायचं त्याने?"

"पण एकच आकडा तरी सांगायचा!"

"कुणाला काय सांगितलं, लक्षात नाही राहत गं. श्रेयसला मात्र बोलू नकोस."

दोघांचंही गुपित माझ्याच गळ्यात. राग येतोय आणि रडूही.

११ जुलै, शुक्रवार

नापास. श्रेयस उद्या घरी येतोय. बाबा गच्चीवर जाऊन बसलेत, जेवले नाहीत.

संध्याकाळी परत तोच पत्रकार. "करार फिसकटला म्हणे?"

"हो," मी म्हटलं. "आकड्यावरून. गोव्याचा क्लब दीड कोटींच्या खाली उतरायलाच तयार नाही."